तलावातला चष्मा

आमच्या सिंदी मेघेपासून समुद्र शेकडो मैल दूर. तरीही लेकीने मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धेत उतरण्याचे मनात घेतले आणि सरावासाठी आम्ही पहाटे ओळखीच्या एका तलावावर जाऊ लागलो. पाण्यात ती, होडीत नावाड्यासह मी.

पहिल्याच दिवशी ती भलतीकडे निघाली. मी हाका मारीत होतो आणि ती मान खाली घालून थेट बेशरमाच्या दाट झुडपांकडे चालली होती. त्या गाळात पाय रुतला असता तर? होडीने तिला गाठले तेव्हा धापा टाकीत म्हणाली, "पप्पा, काहीच दिसत नव्हतं."

चूक माझीच होती. "उन्हासाठी उत्तम" म्हणून दुकानात दाखवलेला काळ्या काचेचा गॉगल मी आणला होता. पण आम्ही उतरत होतो ते झुंजुमुंजू असताना! त्यातून तिच्या चष्म्याचा नंबर उणे तीन. तरणतलावात तळाची काळी रेघ वाट दाखवते. उघड्या पाण्यात मात्र मधूनमधून डोळे वर काढून खूण शोधावी लागते. कॉन्टॅक्ट लेन्स घालून तलावात पोहणे तर धोक्याचे. गोड्या पाण्यातील अकँथअमिबा नावाचा जीव लेन्सखाली शिरल्यास दृष्टीवरच बेतू शकते.

मग पारदर्शक काचेचा, नंबरचा गॉगल शोधला. असे गॉगल बहुधा अर्ध्या नंबराच्या फरकाने तयार मिळतात. पट्टा न लावता तो डोळ्यांवर दाबून पाहावा. क्षणभर आपोआप चिकटून राहिला तर चेहऱ्याला बसला असे समजावे. पाणी शिरते म्हणून आपण पट्टा आवळतो, त्याने कडा वाकते आणि पाणी अधिकच शिरते. आतून काच पुसू नये, धुके न धरू देणारा लेप निघून जातो. १९२६ मध्ये इंग्लिश खाडी पोहणारी पहिली स्त्री गर्ट्रूड एडर्ली हिने गॉगलच्या कडा मेणाने बंद केल्या होत्या. आपल्याला निदान मेण तरी वितळवावे लागत नाही!

काळा गॉगल टाकून दिलेला नाही. मालवणचा समुद्र पश्चिमेला; सकाळी किनाऱ्याकडे परतताना सूर्य थेट डोळ्यांत येणार. तेव्हा तोच कामाला येईल. मात्र नुसती काळी काच अतिनील किरण अडवतेच असे नाही, म्हणून यावेळी वेष्टनावरचा मजकूर नीट वाचून घेतला.

परवा तलावाच्या मध्यावर ती पुन्हा डावीकडे सरकू लागली. मी होडीत बसूनच लाल फडके हलवले. तिने डोळे वर काढले आणि ती वळली.