कुकरचा काळा दांडा

कुकरची रिंग सैल झाली की आपण लगेच नवी आणतो. शिटी चोंदली की ती साफ करतो. दांड्याकडे मात्र, तो मोडून हातात येईपर्यंत कुणी बघत नाही.

गेल्या श्रावणात माझ्या जाऊबाईंचं तसंच झालं. पुरणाची डाळ शिजली होती. झाकण काढून कट गाळायला त्यांनी कुकर कलता केला, आणि दांडा स्क्रूपाशी कडकन मोडला. कढत कट पायावर! तीन आठवडे बिचाऱ्या बसून होत्या. "कंपनीच वाईट," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला ते पटेना. मोडका तुकडा मी मागून घेतला.

मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. आमच्या विज्ञानाच्या बाईंकडे भिंग आहे. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी त्यावर वाकून बसलो. मोडलेला बराचसा भाग ताजा, चमकदार होता. पण स्क्रूच्या भोकाजवळ नखाएवढी जागा मळकट, तेलकट, हळदीनं पिवळी पडलेली होती. म्हणजे चीर आधीच पडलेली होती. हळद काय एका दिवसात आत शिरते?

बाईंनी मग समजावून सांगितलं. हा काळा पदार्थ म्हणजे बेकेलाइट. लिओ बेकलंड यांनी तो १९०७ साली अमेरिकेत तयार केला. नुसती राळ फार ठिसूळ, म्हणून तिच्यात लाकडाची बारीक भुकटी मिसळतात आणि गरम साच्यात दाबतात. आपल्या तिळाच्या वडीसारखंच की! वडी मोडताना बघा, तीळ सहसा तुटत नाही. पाक तिळापासून सुटतो. इथंही कण आणि राळ यांची पकड सुटते, तिथंच पहिली फट पडते. भुकटीचा गोळा राहिला असेल किंवा हवेचा बुडबुडा अडकला असेल, तर आणखीच लवकर. मोठा दाणा बारीक दाण्याच्या आधी सुटतो. गंमत म्हणजे हेच कण चिरेला अडवतातही. पुढे जाताना तिला त्यांना वळसा घालावा लागतो, म्हणून दांडा बरेच दिवस तग धरतो.

आता आपण काय करतो? कुकर घासायच्या पाण्यात तासन्‌तास बुडवून ठेवतो. वरचा गुळगुळीत थर झिजला की आतली लाकडाची भुकटी पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. राळ तशी फुगत नाही. रोजची ही ओढाताण कणांच्या कडेला! त्यात गॅसची आच भांड्याबाहेर येऊन दांड्याला लागते. स्क्रू ढिला असला तर सगळा भार भोकाच्या एकाच कडेवर येतो. फार आवळला तरी तिथंच तडा जातो, हेही खरं.

तेव्हा मैत्रिणींनो, आज भांडी घासून झाली की दांडा कोरडा पुसून उजेडात धरा. चकाकी जाऊन तो पांढरट, खरखरीत झालाय का, स्क्रूपाशी केसासारखी रेघ आहे का, ते बघा. रेघ दिसली तर चिकटवत बसू नका. भांड्यांच्या दुकानात त्याच बनावटीचा दांडा मिळतो.

जाऊबाईंनी नवा बसवलाय. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या कुकरचा दांडा परवा मला भिंगाखाली बघायला लावला. रेघ होती.