पात्र येण्याआधीची जागा

अ‍ॅनिमेशन शिकायला आलेल्या मुलांना पहिल्या दिवसापासून पात्रच काढायचं असतं. टोकदार केस, मोठे डोळे, हातात तलवार. हा पोरगा उभा कुठे आहे, असं विचारलं की त्याच्या पाठीमागे झटपट देखावा येतो: दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, नागमोडी नदी, झोपडी आणि शेजारी नारळ. चांदूर रेल्वेच्या शिवारात कडुनिंब आहे, बाभूळ आहे, पळस आहे. धुऱ्यावर नारळ मी तरी पाहिलेला नाही. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळवलेली, हात छान वळलेली मुलंही हाच देखावा काढतात, कारण तो त्यांना पाठ आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी इथे आठवी ते दहावीच्या मुलांना अ‍ॅनिमेशनच्या पार्श्वभूमी काढायला शिकवते. त्याआधी बरीच वर्षं मुंबईच्या स्टुडिओंत हेच काम केलं. पात्र काढून झाल्यावर उरलेला कागद भरायचा, हा समज मला आधी मोडावा लागतो. पात्र काय करू शकेल हे जागा ठरवते, म्हणून जागा आधी.

‘चांदुरात काढासारखं हायेच काय, मॅडम?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. मग मी डोरेमॉनची गल्ली विचारते. नोबिताच्या घराजवळच्या मोकळ्या प्लॉटवर काय आहे? सगळा वर्ग ओरडतो, सिमेंटचे तीन पाइप! दोन खाली, एक वर. ‘वरच्यावर जियान बसते.’ जपानमधला तो रिकामा प्लॉट या मुलांना घरच्या अंगणाइतका माहीत आहे. वर चढून बसता येतं म्हणून तिथे दादागिरी दिसते, आत शिरता येतं म्हणून लपणं दिसतं. कुणा चित्रकारानं विचार करून ठेवलेले ते पाइप आहेत. एवढं बोलून आम्ही वह्या घेऊन बाहेर पडतो आणि चांदुरातले पाइप शोधतो. मुलांना जिनिंगमागची भिंत सापडते, फाटक पडल्यावर थांबलेल्या बंड्या सापडतात, पाण्याच्या टाकीखालची सावली सापडते.

माझा सर्वांत आवडता पाठ घराचा. नियम एकच: माणूस काढायचा नाही, तरी इथे कोण राहतं आणि सध्या काय चाललंय ते कळलं पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात नववीतल्या एका मुलीनं कापसानं आढ्यापर्यंत भरलेली खोली काढली. दार अर्धंच उघडलेलं, फटीतून कापूस बाहेर आलेला. बाज ओसरीत, दप्तर ओसरीच्या खुंटीला, देवाचा फोटोसुद्धा बाहेर. भाव वाढायची वाट पाहत कापूस घरात थांबलेला आणि घर ओसरीत आलेलं. वऱ्हाडात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात त्या कापसानं अंगाला सुटणारी खाजही लगेच आठवते. ‘कापूस इकला का बाज अंदर जाते,’ ती म्हणाली. पुढच्या दृश्याची पार्श्वभूमीच तिनं सांगून टाकली: तीच खोली, रिकामी, भिंतीवर ढिगाच्या उंचीची पुसट रेघ.

रंगवताना मात्र ती अडली. कापूस पांढरा, म्हणून सगळा ढीग तिनं कोरा सोडला होता आणि त्याला उठावच येईना. पांढरं दिसायला शेजारी करडा लागतो. खोली अंधारी आहे. दारातून उजेड जिथे पडतो तेवढाच पट्टा पूर्ण पांढरा, वर आढ्याकडे निळसर करडा, आणि तळाशी मातकट, कारण सारवलेल्या जमिनीचा रंग कापसावर चढतो. दुपारभर आम्ही छटांच्या पट्ट्या करून पाहत होतो. पोस्टर कलर स्वस्त आहेत, वाळले की वरून दुसरा थर देता येतो. या वयाला याहून चांगलं माध्यम मला माहीत नाही.

चित्रातलं अंतर शिकवायला मुलांना बडनेऱ्याच्या गाडीत खिडकीशी बसवते. रुळालगतचे खांब सपकन मागे जातात, त्यापलीकडची नांगरलेली वावरं सावकाश सरकतात, आणि मालखेडकडचं जंगल बराच वेळ सोबत राहतं. लोटे रायनिगर यांनी ‘प्रिन्स अखमेद’मध्ये (1926) आणि डिस्नेच्या स्टुडिओनं ‘द ओल्ड मिल’मध्ये (1937) हेच साधलं: चित्रांचे काचेवरचे थर एकमेकांपासून अंतर सोडून मांडायचे आणि वरून कॅमेरा लावायचा. आज संगणकावर थर सरकवतात, तत्त्व तेच आहे. परत आल्यावर मुलं पुठ्ठ्याचे तीन थर कापतात आणि हातानं वेगवेगळ्या वेगानं ओढून पाहतात.

सर्वांत अवघड पाठ काढून टाकण्याचा. या वयात पान न् पान रंगवण्यात पुरुषार्थ वाटतो. ‘बॅम्बी’च्या (1942) तयारीतही आधी जंगल तसंच रंगवलं गेलं आणि हरणं त्यात हरवू लागली. टायरस वोंग या चिनी-अमेरिकी चित्रकारानं सोंग काळातल्या निसर्गचित्रांच्या वळणावर जाऊन झाडं कडेला धूसर केली आणि मध्ये उजेड मोकळा ठेवला. माझी मुलं काळ्या कागदाचं पात्र कापून पार्श्वभूमीवर ठेवतात. ते एका नजरेत दिसलं नाही, तर मागचं काहीतरी पुसायचं. मे महिन्यातली इथली दुपार हे आपोआप शिकवते. उन्हात बारकावे दिसेनासे होतात, आभाळ पांढुरकं होतं, सावली बुंध्याशी गोळा होते.

चित्रकला शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ग्रेड परीक्षेसाठी स्मरणचित्राचा सराव तुम्ही करून घेताच. तो पाठ केलेल्या जत्रेवर करून घेऊ नका. मुलांना आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर, त्यांच्याच ओसरीत अर्धा तास नुसतं बसवा, वर्गात आणा आणि मग काढायला सांगा. याला खर्च काही नाही, आणि कुणाची ग्रेडही यानं घसरत नाही.