पत्रा, पाणी आणि सिंक्रो

फोक्सवॅगन व्हॅनच्या तिसऱ्या पिढीला जर्मनीत टी-थ्री म्हणतात आणि त्या पिढीतील चारही चाकांना जोर पुरवणारी गाडी 'सिंक्रो' या नावाने ओळखली जाते. या सिंक्रोची जुळणी ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात श्टायर-डायम्लर-पुख या कंपनीच्या कारखान्यात होत असे आणि १९९२ साली ती थांबली. त्यामुळे आज विक्रीस येणारी प्रत्येक सिंक्रो तिशी ओलांडलेली असते. अशा वयाच्या गाडीत राहण्याजोगे घर उभारायचे म्हटले की खरेदीदाराचे लक्ष सहसा इंजिनाकडे जाते. वास्तविक इंजिन उतरवता येते, दुरुस्त करता येते, हात आखडता न घेतल्यास बदलताही येते. पत्र्याचे सांगाडारूप शरीर मात्र बदलता येत नाही, आणि त्या शरीराचा वैरी म्हणजे पाणी. गाडी निवडणे आणि तिचे उष्णतारोधन करणे ही दोन वेगळी कामे मानली जात असली, तरी दोहोंचा मूळ प्रश्न एकच आहे : पाणी कुठून येते आणि कुठे अडकून राहते?

यंत्राची परीक्षा टाळावी असा याचा अर्थ नाही. टी-थ्रीचे इंजिन मागे असते आणि मूळ जोरही मागच्याच चाकांना मिळतो. सिंक्रोत मागच्या गिअरबॉक्सपासून एक लांब दांडा पुढच्या डिफरन्शियलपर्यंत जातो आणि तिथे 'व्हिस्कस कपलिंग' बसवलेले असते. हे कपलिंग म्हणजे एक बंद डबा असून त्यात एकाआड एक पातळ चकत्या आणि सिलिकॉनचे दाट तेल असते. मागची चाके चिखलात किंवा बर्फात घसरू लागली की पुढच्या-मागच्या फिरण्याच्या वेगात तफावत पडते, तेल घुसळले जाऊन तापते, चकत्या एकमेकींना ओढू लागतात आणि चालकाने काहीही न करता जोर पुढे पोहोचतो. वयपरत्वे हे कपलिंग कडक होते. त्याची परीक्षा सोपी आहे : कोरड्या डांबरी जागेवर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी सावकाश गोल फिरवावी, कोणी ब्रेक दाबून धरल्यासारखी ती अडखळत असेल, टायर घासल्याचा आवाज येत असेल, तर कपलिंगचे आयुष्य सरत आले असे समजावे. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले आहेत ना, हेही त्याच वेळी पाहावे, कारण पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असतील तर कपलिंगला सरळ रस्त्यावरही विश्रांती मिळत नाही. पूर्वीच्या मालकाने खर्च वाचवण्यासाठी कपलिंगच काढून टाकलेले असणेही अशक्य नाही, आणि मग नावाला सिंक्रो असलेली गाडी प्रत्यक्षात दोनच चाकांवर चालते.

पत्र्याची परीक्षा याहून किचकट आहे. टी-थ्रीच्या बाजूंवर पत्र्यांचे सांधे बाहेरून दिसतात आणि ते लवचीक लांबीने भरलेले असतात. ही लांबी काळाने तडकते, तडीतून पाणी आत जाते, सांधा आतून कुजतो, आणि बाहेर रंगावर फोड दिसेपर्यंत बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. खिडक्यांच्या रबरी पट्ट्यांखालीही हेच घडते. ताजा, चकचकीत रंग लावलेली स्वस्त गाडी त्यामुळे संशयास्पदच मानावी. चार ठिकाणी खरचटलेली पण मूळ रंगातली गाडी अधिक प्रामाणिक असते.

आता उष्णतारोधनाकडे वळता येईल. भिंतीत जाड थर भरला की ऊब टिकते, ही सर्वसाधारण समजूत अर्धीच खरी आहे. झोपलेली दोन माणसे श्वास आणि घामावाटे रात्रभरात अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत सोडतात, आणि स्वयंपाकासाठी गॅस जाळला की जळण्यातूनच आणखी वाफ तयार होते. वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि साठ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे जिथे वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे बारा अंश असतो. बाहेर पाच अंश असताना पत्रा याच्या कितीतरी खाली असतो. म्हणून गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटावा तसा पत्र्याला आतून सुटतो. लाकडी फळी आणि सैल भरलेली काचतंतूची गादी ही वाफ अडवू शकत नाहीत. ती आरपार जाऊन पत्र्यावर पाणी होते, गादी ते धरून ठेवते, आणि ऊब राखण्यासाठी भरलेला थरच गंजाला खतपाणी घालतो. जुन्या कॅम्परचे फर्निचर काढल्यावर त्यामागे ओली, काळवंडलेली गादी निघणे ही नवलाची गोष्ट नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे बंद पेशींचा फोम, ज्यातील हवेचे बुडबुडे एकमेकांपासून अलग असल्याने वाफ सहजी आत शिरत नाही. तो पत्र्याला पूर्ण चिकटवावा, मधे पोकळी राहू देऊ नये. दुसरा म्हणजे मेंढीची लोकर, जी आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओलावा शोषून पुन्हा सोडू शकते. पण तिला सुकण्यासाठी खेळती हवा लागते, आणि बंद कॅम्परमध्ये ती प्रत्येक कोपऱ्यात मिळत नाही. सिंक्रोच्या वाकड्यातिकड्या बाजूंना पहिला मार्गच अधिक उचित ठरतो. डब्यातून फवारायचा फुगणारा फोम मात्र पोकळ्यांत भरू नये. तो पातळ पत्रा फुगवतो, आणि पाणी वाहून जाण्यासाठी दारांच्या तळाशी ठेवलेली भोके बुजवतो.

छताच्या आणि बाजूंच्या पोलादी फासळ्यांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पोलाद फोमच्या मानाने हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे फासळ्यांमधल्या जागा कितीही नेटकेपणाने भरल्या आणि फासळ्या उघड्या ठेवल्या, तर उष्णतेला तीच चोरवाट मिळते आणि थेंबही नेमके तिथेच धरतात. त्यांवर फोमची पातळ पट्टी लावूनच वरची फळी बसवावी. खिडक्यांना रात्री चकाकत्या थराच्या चटया लावता येतात. छत वर उचलून त्याच्या कापडी भिंतींत झोपणाऱ्याला मात्र या साऱ्या खटाटोपाचा फारसा लाभ होत नाही, कारण कापडातून ऊब सरळ निघून जाते. थंडीच्या रात्री छत खाली घेऊनच निजावे. आणि कितीही रोधन केले तरी एक झरोका उघडा ठेवणे अनिवार्य आहे. वाफेला वाट हवी हे त्याचे एक कारण, आणि गॅसची शेगडी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो हे दुसरे. धोक्याची सूचना देणारे उपकरणही बसवून घ्यावे.

कामाचा क्रमही याच तर्काने ठरतो : आधी गळती बंद करणे, मग गंज खरवडून रंगाचा पहिला हात देणे, मग विजेच्या तारा ओढणे, आणि सर्वांत शेवटी फोम. क्रम उलटला की बसवलेला थर पुन्हा फाडावा लागतो.

म्हणून अशी गाडी पाहायला दोनदा जावे. कपलिंगच्या परीक्षेसाठी एकदा कोरड्या दिवशी, आणि एकदा भर पावसात, जेव्हा चटया उचलून फरशीवर हात फिरवता येईल. विक्रेता दुसरी फेरी टाळू लागला, तर किंमत कितीही उतरवून मिळत असली तरी ती गाडी घेऊ नये.