धनुष्कोडीचा धक्का

'लंकेत सोन्याच्या विटा' ही म्हण माझ्या आजीच्या तोंडी सदैव असे. लक्ष्मी रस्त्यावरील दुकानात एखादे उंची परकराचे कापड पाहून मी हट्ट धरू लागले, की ती एवढेच म्हणे आणि माझा हात धरून पुढे चालू लागे. यामुळे 1960 सालच्या वैशाखात एके रात्री, पाने मांडून झाली असता, दादांनी आपण सर्वजण सुटीत लंकेस जाणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा मला पहिली आठवण झाली ती त्या विटांची. मी तेव्हा दहा वर्षांची होते व धाकटा भाऊ सहा वर्षांचा.

परदेशगमन म्हटले, की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे विलायत उभी राहते. आमच्यासारख्या मध्यम स्थितीच्या कुटुंबास ती चैन कोठून परवडणार! परंतु दादा रेल्वेच्या हिशेबखात्यात होते व त्यांस पास मिळे. मद्रासच्या एग्मोर स्टेशनावरून निघणारी गाडी प्रवाशांस थेट धनुष्कोडीच्या धक्क्यावर नेऊन सोडी. तेथे आगबोट तयार असे. सुमारे बावीस मैलांचे पाणी दोन तासांत ओलांडले, की पलीकडे तलाईमन्नारला कोलंबोची गाडी उभी. या सगळ्या व्यवस्थेस लोक 'बोट मेल' म्हणत. त्या देशास तेव्हा सिलोन हे नाव होते. श्रीलंका हे नाव त्याने 1972 साली घेतले.

अडचण होती ती आजीची. समुद्र ओलांडणे तिच्या लेखी कलिवर्ज्य. मात्र तिच्या देवघरात काशीहून आणलेला गंगेचा गडू कित्येक वर्षे झाळून ठेवलेला होता, आणि ते पाणी रामेश्वरावर घातल्यावाचून व सेतूची वाळू प्रयागास त्रिवेणीत नेऊन सोडल्यावाचून तिची यात्रा पुरी व्हावयाची नव्हती. दादांनी मोठ्या युक्तीने तोड काढली. रामेश्वरापर्यंत आजीने आमच्याबरोबर यावे, तेथे उपाध्यायांच्या घरी राहावे, आम्ही आठ दिवसांत लंका पाहून यावे, आणि परतताना धनुष्कोडीस सर्वांनी मिळून सेतुस्नान करावे. तेच आमचे प्रायश्चित्त! आजी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने गडू चिंचेने घासावयास घेतला, तेव्हा आईने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

मद्रासला आम्हांस दादांचे एक जुने सहकारी येऊन मिळाले. ते तंजावरचे मराठी गृहस्थ होते. आम्ही त्यांना नुसते 'राव' म्हणत असू. त्यांचा पुतण्या कोलंबोत कारकून होता व आमचा मुक्काम त्याच्याकडेच ठरला होता. रावांचे मराठी ऐकून आम्हां भावंडांस हसू येई. शब्द आपलेच, परंतु चाल निराळी. पुढे रामेश्वरास पोहोचल्यावर हसू आवरणे अधिकच कठीण झाले. त्या देवळाचे पुजारी मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण असून, इतक्या पिढ्या तामिळांत राहूनही आजीशी घरच्यासारखे बोलत. आजीची निम्मी काळजी तेथेच मिटली.

पांबनच्या पुलाचे वर्णन करू लागले तर हा लेख तेथेच संपेल. 24 फेब्रुवारी 1914 रोजी वाहतुकीस खुला झालेला तो सव्वा मैलाहून लांब पूल गाडी इतक्या हळू ओलांडी, की खिडकीतून खालचे पाणीच आपल्याला घेऊन चालले आहे असा भास होई. मधला भाग जहाजांसाठी दुभंगून वर उचलला जाई. आईने मात्र सबंध पूल डोळे मिटून काढला.

आमच्या आगबोटीचे नाव होते 'आयर्विन'. माझे आजोळ सांगली. तेथे कृष्णेवरील आयर्विन पुलावर मी कितीदा तरी फिरावयास गेलेली. समुद्रात तेच नाव वाचून मला एकदम धीर आला. देवीची लस टोचल्याचे दाखले, पासपोर्ट, जकातीची तपासणी हे सोपस्कार दादा तोंडावर गंभीर भाव आणून पार पाडीत होते. तेही प्रथमच परदेशी चालले आहेत, हे माझ्या तेव्हा लक्षात आले नाही.

लंकेने प्रथमदर्शनी माझी घोर निराशा केली. तलाईमन्नारला पाहावे तो वाळू, ताडाची झाडे आणि पत्र्याची छपरे. म्हणजे मागे सोडून आलो तेच! कोलंबोत सोने दिसले ते नारळाच्या रूपाने. तेथे 'थंबिली' नावाचा केशरी-पिवळा नारळ मिळतो. भाऊ पहिल्या दिवशी तो हातातून खाली ठेवीना. "दादा, हीच ती वीट," असे त्याने जाहीर केले. कांडीचे दंतमंदिर व पेरादेनियाची प्रचंड वृक्षवाटिका ही आम्ही रीतीप्रमाणे पाहिली. मनात राहिले ते नुवारा एलियाच्या वाटेवरचे चहाचे डोंगर. सहा हजार फूट उंचीवरील ती थंडी, धुके, आणि त्या उतारांवर कपाळावरून पट्टा घेऊन पाठीशी टोपली लटकावलेल्या बायका. त्या सगळ्या तामिळ बोलत होत्या. रावांनी सांगितले, की यांचे आजेपणजे आपल्याकडील मद्रास इलाख्यातून मजुरीसाठी आले. मात्र 1948 च्या नागरिकत्वाच्या कायद्याने यांतील बहुतेकांस तो देश परका झाला आहे. मी ते ऐकले आणि लगेच विसरले. मुलांचे असेच असते.

परतताना तलाईमन्नारच्या धक्क्यावर त्याच डोंगरांकडील एक कुटुंब आमच्या बोटीत चढले. त्यांत एक माझ्याच वयाची मुलगी होती. वैशाखाच्या त्या उकाड्यात तिच्या अंगात लोकरीची बंडी होती. जवळ एक पत्र्याची ट्रंक. तिच्यावर ती घट्ट बसून राहिली. मी तिला माझ्याजवळच्या बडीशेपेच्या गोळ्या दिल्या आणि आमची मैत्री जमली. दुभाषाचे काम रावांकडे आले. तिच्या वडिलांनी हिंदुस्थानचे कागद मिळविले होते व ते बिऱ्हाड मोडून निघाले होते. "म्हणजे परत चाललात," राव म्हणाले. त्यावर तो गृहस्थ म्हणाला, "परत कसले? माझा जन्म तिथलाच. मीही पहिल्यांदाच चाललोय."

थोड्या वेळाने समोर किनाऱ्याची रेघ दिसू लागली. मी कठड्याशी धावले आणि मोठ्या ऐटीने बोट दाखवून तिला म्हणाले, "तो बघ आमचा देश!"

राव भाषांतर करता करता थांबले. मला म्हणाले, "आमचा म्हणू नको बाळ, आपला म्हण." तामिळातही याला दोन वेगळे शब्द आहेत, 'एंगळ' आणि 'नम्म', असे त्यांनी सांगितले आणि माझी चूक सुधारून 'नम्म' असे तिला सांगितले. मुलीने किनाऱ्याकडे पाहिले, मग रावांकडे पाहिले आणि मान हलविली. ती नकाराची होती. मला तिचा राग आला. एवढा मोठा देश मी उदार मनाने वाटून देत होते, आणि ही घेईना!

धनुष्कोडीस उतरताना ती माझ्यापुढेच होती. फळीवरून पाय खाली ठेवला मात्र, तिने तो चटका बसून वर उचलला. भर दुपारची वाळू. पायांत काही नाही. ती पुन्हा ट्रंकेवर चढून उभी राहिली, चोहोंकडे पाहू लागली व रावांस काहीतरी विचारती झाली. राव उत्तर देईनात. मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, "डोंगर कुठे आहेत, विचारते."

आजी उपाध्यायांबरोबर तेथे येऊन आमची वाटच पाहत होती. आम्हांस शिवायचे नाही, असे तिने दुरूनच बजावले. मग तिचे लक्ष ट्रंकेवर उभ्या असलेल्या, आता मुसमुसून रडणाऱ्या त्या मुलीकडे गेले. दादांनी सारी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "आपल्या माणसांत आली बिचारी. माहेरीच आली म्हणायची."

आजी काही वेळ पाहत राहिली. "माहेरी नाही रे," ती म्हणाली. "माहेराहून उठवलंय तिला. हे सासर आहे. मला नवव्या वर्षी असंच एका दारात उतरवलं होतं. सगळे म्हणत होते, हे तुझंच घर."

आजीच्या तोंडून तिच्या लग्नाविषयी असा शब्द मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता व पुढेही ऐकला नाही. दादा खाली पाहू लागले. आजी पुढे झाली, तिने मुलीला ओंजळ करावयास खुणावले आणि तांब्यातले पाणी वरून तिच्या ओंजळीत घातले. वरूनच, तिचे सोवळे सुटले नाही, हे मी लपवीत नाही. पण पाणी संपेपर्यंत ती वाकून उभी होती.

त्या मुलीचे नाव मी बोटीत विचारले होते. ते मला आज आठवत नाही, याची रुखरुख वाटते.

पुढे 30 ऑक्टोबर 1964 रोजी दोन्ही सरकारांत करार होऊन सव्वापाच लाख माणसे हिंदुस्थानाच्या वाट्यास व तीन लाख सिलोनच्या वाट्यास आली. दीड लाखांचा निर्णय मागाहून घ्यावयाचा ठरला. वर्तमानपत्रात ते आकडे वाचून दादांनी मला हाक मारली आणि काही न बोलता अंक पुढे केला. दोनच महिन्यांनी, 22 डिसेंबरच्या रात्री, चक्रीवादळाने धनुष्कोडी धुऊन नेली. तिकडे जाणारी एक गाडी शंभराहून अधिक उतारूंसह समुद्रात गेली. मी 2019 साली पुन्हा गेले, तेव्हा वाळूत स्टेशनाच्या भिंती व एका चर्चचा सांगाडा तेवढा उभा होता. आमचा धक्का नेमका कोठे होता, ते कोणास सांगता येईना.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. तलाईमन्नारची चिमूटभर वाळू मी काड्यापेटीत भरून आणली होती. रावणाच्या घरची माती उंबऱ्याच्या आत नको, असे आजीने निक्षून सांगितलेले. तेव्हा ती टाकवेना आणि ठेववेना. आजी गाडीत झोपली असता मी तिच्या सेतूच्या वाळूचे गाठोडे सोडले आणि पेटी त्यात रिकामी केली. दोन वर्षांनी माघात आम्ही प्रयागास गेलो. आजीने ते गाठोडे मोठ्या भक्तिभावाने त्रिवेणीत सोडले. मी शेजारीच कमरेइतक्या पाण्यात उभी होते आणि एक अक्षरही बोलले नाही.