काटा वळवा

आमच्या गोरेगावच्या चाळीतल्या आया आधी दाराआडून बोलत. पोस्टमनलासुद्धा ‘घरात कुणी नाही’ असं घरात उभ्या राहूनच सांगत. रेशनच्या दुकानात तेवढंही तोंड उघडत नसे. कापडी पिशवी, रॉकेलचा डबा, खळीने कागद डकवून जपलेलं रेशनकार्ड घेऊन रांग धरायची आणि नंबर आला की ऐकायचं, ‘साखर संपली.’ मुकाट परतायचं.

मग १९७२चा दुष्काळ आला. तेल, धान्य, रॉकेल, सगळंच आवाक्याबाहेर गेलं. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आली. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका तिथे एकत्र आल्या. मृणालताई तर आमच्याच गोरेगावच्या, पाण्यासाठी भांडून ‘पाणीवाली बाई’ झालेल्या.

सकाळी ज्यांनी पोळ्या लाटल्या तीच लाटणी दुपारी समितीच्या मोर्चाला गेली. काकूंचं झिजलेलं, माईंचं चिरलेलं आणि दोऱ्याने आवळलेलं. बडवायला थाळी मात्र पोचे आलेलीच न्यायची. चांगली फडताळात ठेवायची. पहिल्या घोषणेला तोंडावर पदर होता. शेजारणीचा आवाज चढला तसा पदर खाली आला. त्या एकेकट्या धीट झाल्या असत्या असं मला वाटत नाही.

पुढे नळावर तालमी होऊ लागल्या. दुकानदाराला काय म्हणायचं? ‘भावाची पाटी दाखवा.’ ‘काटा आमच्याकडे वळवा.’ ‘साखर संपली, तर साठ्याची वही काढा.’ आवाज चढवायचा नाही, पण जागा सोडायची नाही. तो हसला तरी जागा सोडायची नाही. मागच्या रांगेने ‘चला हो वहिनी’ म्हटलं तरी जागा सोडायची नाही. तेच बोलणं मग शाळेच्या कचेरीत चाललं, बँकेत चाललं, घरात सासऱ्यांसमोरही हळूच चाललं.

कार्डावर कुटुंबप्रमुख मात्र बाबाच राहिले. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो मान घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला दिला, तोवर आमच्यातल्या कितीतरी आया गेल्या होत्या. याची मला फार हळहळ वाटते.

आम्हा मुलींना दुकानात धाडताना त्या बजावत, ‘आधी काटा बघ, मग पिशवी उघड. कमी घेऊन आलीस तर परत पाठवीन.’

आणि पाठवीतही.