होडी कधी विकावी?

मंडळी, गेल्या दोन-तीन महिन्यांत ज्यांनी ज्यांनी फोनवर "काय, होडी काय म्हणतेय?" असं विचारलं, त्या सगळ्यांना एकदमच उत्तर देतोय. विकतोय.

आमची कॅटलिना २२. मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराच्या काठी राहून शिडाची होडी नाही म्हणजे कोकणात राहून दारात माड नाही, असं स्वतःला पटवून २००६ साली घेतली होती. इथल्या धक्क्यावर एक विनोद सगळ्यांना पाठ आहे: होडीवाल्याचे सुखाचे दिवस दोनच, घेतली तो आणि विकली तो. मला तो कधीच पटला नाही. मधले दिवसही सुखाचेच होते हो! नारळी पौर्णिमेला आपल्याकडे कोळी होड्या समुद्रात घालतात, तेव्हा इथला हंगाम निम्म्याहून अधिक सरलेला असतो. तरी दर वर्षी त्या सुमारास एक नारळ उपसागराला जायचाच. (पोहायचं नाव मात्र काढायचं नाही. ऑगस्टात पाण्यात जेलीफिश फार!)

पैशांचा हिशोब मी केला नाही, आणि कुणी करूही नये. धक्क्याचं भाडं, तळाचा रंग, हिवाळ्याआधी इंजिनाची निगा... हे सगळं जोडलं तर माणूस पहिल्याच वर्षी विकेल. वयाचाही नियम नाही, सत्तरीतले लोक इथे एकट्याने होडी हाकतात. मग ठरवायचं कशावरून?

उत्तर सौ.ने दिलं. एका शुक्रवारी हवामानाचा अंदाज वाचत होतो. शनिवारी दुपारी वादळी पाऊस. "अहो, हल्ली असलं काही वाचलं की तुम्हाला बरं वाटतं," ती म्हणाली. खरं होतं. पूर्वी मी चरफडायचो.

कारण दोघांनाही माहीत होतं, बोलत कुणीच नव्हतं. अचानक वारा उठला की मी सुकाणूवर आणि पुढचं शीड उतरवायला ती, ही आमची इतक्या वर्षांची वाटणी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हलत्या होडीत तिला गुडघे टेकता येत नाहीत. मागे बसूनच शीड गुंडाळता येईल अशी सोय करून घेता येते, ठाऊक आहे. मग मी एकटाही जाऊ शकेन. पण एकट्याने जायचं कुठे, आणि कशाला?

चिरंजीव फोनवर म्हणतात, "बाबा, विकू नका ना." सिॲटलहून येऊन ते शेवटचे होडीवर चढले २०१९ मध्ये. असो.

आणखी थांबण्यात अर्थ नाही, कारण फायबरग्लास कुजत नाही. मालकाचं मन उडालेल्या होड्या वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून राहतात. शिडं विरतात, आत बुरशी धरते, आणि मग फुकटही कुणी नेत नाही, उलट मोडीत काढायला आपणच पैसे मोजायचे. आमच्या होडीची शिडं अजून कडक आहेत.

म्हणून मे महिन्यात पाण्यात उतरवूनच दाखवणार. डोलकाठी उभी करायला दोन माणसं लागतात, हे जाहिरातीत आधीच लिहून टाकलंय.