दिवसा राम, रात्री कृष्ण

पत्त्यांतले माझे ज्ञान झब्बूपाशी सुरू होते आणि मेंढीकोटापाशी संपते. त्यामुळे गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची कन्या म्हणाली, "बाबा, एखादा नवा नियम सुचवा ना," तेव्हा मला वाटले, ती घरातल्या शिस्तीबद्दलच बोलते आहे. एवढे भाग्य कुठले! तिच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर 'हार्थस्टोन' नावाचा पत्त्यांचा खेळ चालला होता. एका अमेरिकन कंपनीने २०१४ साली तो काढला. ही आणि हिच्या मैत्रिणी त्या खेळासाठी नवे नियम योजून एका वहीत लिहून ठेवतात. कंपनीने त्यांना विचारलेले नाही, हे खरे. पण तिसरा अंक कसा हवा होता हे नाटकाहून परतताना आपण तरी नाटककाराला विचारून ठरवतो का?

तिने मला खेळ समजावला. प्रत्येकाजवळ तीस पत्ते, प्रत्येकाच्या नायकाला तीस प्राण. पहिल्या पाळीला खर्चायला शक्तीचा एक स्फटिक मिळतो, दुसऱ्या पाळीला दोन, असे करत दहापर्यंत.

"म्हणजे वार्षिक वेतनवाढ," मी म्हणालो. "मग पुढच्या पाळीचे आजच उचलता आले पाहिजे. महिनाअखेरीला आम्ही तेच करतो."

"ओव्हरलोड. पहिल्यापासून आहे."

"बरे, तीन पत्ते दाखवावेत आणि 'कोणताही एक निवडा' म्हणावे. प्रश्नपत्रिकेत असते तसे."

"डिस्कव्हर. २०१५ साली आले."

आणि मग तिने जे सांगितले त्याने मी चकित झालो. हे तीन पत्ते म्हणे तुमच्या जोडातले नसतातच! यंत्र ते कुठूनही आणते. आमच्या कागदी जोडात बावन्न ते बावन्न. त्रेपन्नावा सापडला तर भांडण ठरलेले. "कागदाला जमणार नाही असे सांगा, बाबा," ती म्हणाली. "यंत्राला सगळे आठवते, मोजता येते, घड्याळ पाहता येते..."

घड्याळ म्हणताच मला आजोबांचा गंजिफा आठवला. माझे आजोळ सावंतवाडीचे. तिथला दशावतारी गंजिफा म्हणजे एकशेवीस गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. पाच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा. (मराठी व्याकरणही इतक्या थंडपणे नियम उलटा करत नाही.) पण खरी गंमत डावाच्या आरंभाला. दिवसा खेळत असाल तर ज्याच्या हाती राम त्याने सुरुवात करायची; रात्री खेळत असाल तर ज्याच्या हाती कृष्ण त्याने. खेळायला तिघे लागतात आणि आजोबांना तिसरा गडी मिळेनासा झाला होता. म्हणून त्यांनी मला नियम तेवढे शिकवले. डाव एकही झाला नाही.

"तर यंत्राने बाहेर दिवस आहे की रात्र ते पाहावे," मी म्हणालो, "आणि त्याप्रमाणे पत्त्याचे बळ बदलावे."

या वेळी 'आहे' असे उत्तर आले नाही. 'मॅजिक' नावाच्या दुसऱ्या एका खेळात २०२१ साली दिवसरात्र आली आहे. पण ती चालींवरून पालटते, खिडकीबाहेरच्या उन्हावरून नव्हे. कन्येने वही उघडली, पेन्सिल तोंडात धरली आणि जरा वेळाने विचारले,

"पण घड्याळ कुणाचे? समोरचा अमेरिकेत असला तर?"

ऑगस्टात ती शिकायला अमेरिकेला निघणार होती. बॅगा आल्या होत्या, लोणच्याच्या बरण्या भरल्या होत्या. या विषयावर मात्र घरात वजनापलीकडे कुणी बोलत नव्हते.

"ज्याने त्याने आपल्या खिडकीबाहेर पाहावे," मी म्हणालो. "एकाच डावात एकाकडे राम, दुसऱ्याकडे कृष्ण."

"मग माणूस आपल्या सोयीची वेळ बघूनच डाव मांडेल. हा दोष आहे नियमात."

"मांडू दे की."

तिने मान वर केली नाही. पण दोषाची ओळ खोडली.

तो नियम खेळात अर्थातच नाही. म्हणून आम्ही तो तोंडी पाळतो, थोडा बदलून. रविवारी इथे रात्र असते, तिथे भरदुपार. फोन कानाशी आणि कन्येचा जुना मोबाइल पुढ्यात घेऊन मी बसतो. ज्याच्याकडे रात्र, त्याने दिवसभरात काय झाले ते आधी सांगायचे, मग पत्ता टाकायचा. त्यामुळे सांगायची पाळी नेहमी माझीच येते आणि हरण्याचीही. गेल्या रविवारी मी सांगत होतो, कुंडीतल्या मोगऱ्याला...

"बाबा, चाल करा! दोर पेटला!"

पाळीची वेळ संपत आली की पडद्यावर एक दोर जळू लागतो. मी घाईघाईने चष्मा शोधू लागलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला,

"अहो, जेवली का विचारा तिला!"

मी विचारले. दोर जळून गेला.